शेपटीचा ल

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, सात नंबर शेडमध्ये
मी लेबलं लावून घेतो.
या खेपेला दोनशे चाळीस खोकी, खोक्यात दहा जोड्या,
टेरी टॉवेल, रंग ओल्या वाळूचा,
जायचे रिगाला.
रिगा कुठं आलं, विचारलं
तर शेठ म्हणाले, थंडीत.

लेबलावर तीन ओळी.
पहिली इंग्रजी, ती येते आपल्याला.
दुसरी फ्रेंच: सर्व्हिएत.
तिसरी लाटवियन: द्विएल्यी.
मी म्हटलं, हे तर सोपं आहे बे,
द्वि म्हणजे दोन, आत जोडी आहे ना,
आणि टेरीला लूपही दोन्ही अंगांनी.
संस्कृत पोचलं की बर्फापर्यंत!
दोन दिवस हेच सांगत फिरलो,
वाइंडिंगपासून वॉचमनपर्यंत.

तिसऱ्या दिवशी मेल:
तिसऱ्या ओळीत ल च्या खाली आकडा नाही.
एवढासा, स्वल्पविरामाएवढा,
छापखान्यात गळालेला.
रेणुका बोल्ली म्हणाली, इतक्याशा शेपटीसाठी
माल अडवतात होय?
मी म्हटलं, काळ लिही. आता काल लिही.
सरकला ना दिवस?
ती काही बोलली नाही. पेनचं टोपण काढलं.

सहा बायका, कापडावर लिहायची काळी पेनं,
प्रत्येकीच्या वाट्याला चारशे आकडे.
लूम बंद, त्यामुळं पंख्याचा आवाज ऐकू येत होता.
मध्येच कुणीतरी कडक भाकरी मोडली,
शेंगाचटणीचा वास खोक्यांवर बसला.

मी मोबाइलवर तो शब्द शोधत बसलो.
द्वि चा काही संबंध नव्हता.
धुणं, नुसतं धुणं:
उत्तरेकडच्या कुठल्या जुन्या बोलीतलं एक ओलं क्रियापद.
ते फ्रेंचांकडं गेलं, त्यांनी त्याचं तोआय् केलं,
इंग्रजांना वापरायला दिलं,
आणि स्वतःच्या घरात मग दुसराच शब्द ठेवला,
सेवा करणारा.
त्याचंच भावंड जर्मन व्यापाऱ्यांच्या गाठोड्यातून
रिगाच्या धक्क्यावर उतरलं.
अजून एक पोर्तुगालला: तोआल्या.
तिथून गलबतात, खारं होत होत,
आपल्या किनाऱ्याला.

मी खाली वाचत गेलो.
हिंदीत तौलिया.
तेलुगूत तुव्वाल.

पेन ठेवलं.

तुव्वाल इय्यी, मोरीतून अम्मा ओरडायची,
पूर्व भागातल्या आमच्या दोन खोल्यांत,
विडीच्या पानाचा वास हातांना, साबणानंही न जाणारा.
चौथीत असताना मी घरी मित्र आणला होता,
मराठी शाळेतला, लोंढे आडनावाचा.
तो हसला, तुव्वाल काय रे!
त्या दिवसापासून मी तिला सुधारत आलो.
टॉवेल म्हण, अम्मा. टॉ. वेल.
मला वाटायचं इंग्रजी शब्द हिच्या तोंडात मोडलाय.
मोडला नव्हता.
तो दुसऱ्या समुद्रानं आला होता,
कदाचित इंग्रजीच्या आधी,
आणि कुणाला न विचारता
आमच्या दोरीवर वाळत होता.

हे मी रेणुकाला सांगितलं.
ती म्हणाली, आमच्यात पण तुव्वालच. त्यात काय.
तीनशे सत्तावन्न, ती म्हणाली,
मोजणी चुकवू नको.

पहाटे ट्रक गेला.
चोवीसशे ल, चोवीसशे शेपट्या,
काही वाकड्या, काहींवर शाई फुटलेली.
तिकडची कुणी बाई आंघोळ करून
लेबल कात्रीनं कापून टाकेल.
कापूच दे.

घरी आलो. बंबात पाणी तापलेलं.
दाराशी चप्पल काढतानाच ठरवलं होतं,
आज तिनं हाक मारली की काय म्हणायचं.
मोरीच्या दारातून ओला हात बाहेर आला.

टॉवेल दे रे, अम्मा म्हणाली.
अगदी स्पष्ट. टॉ. वेल.

दिला.
बाहेर आल्यावर कोपऱ्यावरचे काळे डाग बघून म्हणाली,
हात धुवायचे आधी.